बांधावरचं काम कोणाचं?

ताई, सप्रेम नमस्कार.

पुण्यात २३ माणसांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी प्रोजेक्ट लीड आहे. कोल्हापूर भागातल्या एका सहकारी साखर कारखान्याचं काम आमच्याकडे आहे. ऊस नोंद आणि शेतकऱ्यांची बिलं तिथे अजून फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालतात, ते आमचे दोन ज्येष्ठ सर बघतात. वजनकाटा कॉम्प्युटरला जोडायचाय, गाडीतळावर टॅगवरून गाडी ओळखणारं आरएफआयडी बसवायचंय, त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स आणि पीएलसी (यंत्रं चालवणारे नियंत्रक) यांचे तिघं आहेत. नवं पोर्टल डॉटनेटमध्ये, त्यावर सहा जण. शेतकरी आणि फडात ऊसाची नोंद करणारे चिटबॉय यांच्यासाठी फ्लटरमध्ये ॲप, त्यावर चार. शिवाय तीन टेस्टर आणि तीन जण कारखान्यावर. नोव्हेंबरात गाळप सुरू होईल, म्हणजे हातात पाचच महिने.

वर्षभरात आम्ही दोन प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर आणली, दोन्ही महिन्याभरात ओस पडली. आता तिसरं निवडायचंय. साहेब म्हणतात जिरा घ्या, मोठे क्लायंट तेच विचारतात. डॉटनेटचा लीड म्हणतो अझ्युअर डेव्हऑप्स, कारण कोड तिथेच आहे. पीएलसीवाले एक्सेल सोडत नाहीत, फॉक्सप्रोचे सर वहीत लिहितात. कारखान्याच्या ईडीपी (कॉम्प्युटर विभाग) मॅनेजरना दर शनिवारी कार्यकारी संचालकांपुढे ठेवायला कामांच्या तारखा पट्ट्यांनी दाखवणारा गँट चार्ट लागतो, तो मी शुक्रवारी रात्री जागून हाताने करते. सगळे सांगतात काम ८० टक्के झालंय. पण काट्यावरचं वजन पोर्टलवर अजून एकदाही दिसलेलं नाही. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, ते स्पष्ट सांगाल का?

— एक प्रोजेक्ट लीड, पुणे

नमस्कार.

स्पष्ट विचारलंत, तर नाव आधीच सांगते. तुमच्या जागी मी असते तर अझ्युअर डेव्हऑप्स घेतलं असतं. कारणं पुढे येतील, आणि कुठल्या परिस्थितीत मी दुसरं नाव सांगितलं असतं तेही. पण हे नाव वाचून तुम्ही उद्या सगळ्यांची खाती उघडलीत आणि बाकी काहीच बदललं नाहीत, तर ऑगस्टपर्यंत हे तिसरंही ओस पडेल. तसं होऊ नये म्हणून हे लांबलचक उत्तर.

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या दोन गोष्टींपाशी मी थांबले. सगळ्यांचं काम ८० टक्के झालंय, आणि वजन पोर्टलवर एकदाही दिसलेलं नाही. मला वाटतं दोन्ही खरं आहे, कोणी खोटं सांगत नाहीये. काट्याच्या माणसाच्या लॅपटॉपवर आकडे येत असणार. पोर्टलवाल्यांचं वजनाचं पान तयार असणार आणि हाताने भरलेली वजनं त्यात छान दिसत असणार. राहिलेलं काम या दोघांच्या मधल्या बांधावर पडलंय. दोन वावरांच्या मधल्या बांधाचं जे होतं तेच इथे झालंय. दोन्हीकडचे आपापल्या सऱ्या स्वच्छ ठेवतात आणि गवत बांधावर वाढतं.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी मी एका दूध संघाच्या कामावर होते. गावोगावच्या संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मोजणारं यंत्र, त्याला जोडलेला छोटा संच, तालुक्याला सर्व्हर आणि दर दहा दिवसांनी उत्पादकाच्या खात्यात पैसे, अशी ती रचना. तीन टीम होत्या. तिघींचं काम वेळेत झालं, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दर कामाचं एक कार्ड असे, ती सगळी कार्डं हिरवी झाली. पहिलं बिल निघालं आणि पावत्यांची बेरीज खात्यातल्या रकमेशी जुळेना. फरक दर पावतीमागे थोडाच. संचातला प्रोग्राम एसएनएफचा दुसरा दशांश टाकून देत होता, सर्व्हर मात्र तो जवळच्या आकड्याला नेत होता. ८.४७ चे एकीकडे ८.४ झाले, दुसरीकडे ८.५. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. आकडा कुठे तोडायचा, हा प्रश्न कोणाच्याच यादीत नव्हता. एक बाई दहा दिवसांच्या सकाळ-संध्याकाळच्या वीस पावत्या रबरबँड लावून घेऊन आल्या, माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "आमचं चुकलंय का तुमचं, तेवढं सांगा." त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं. आमच्याकडे तीन याद्या होत्या आणि चौथी, बांधावरच्या कामांची यादी नव्हती. त्या दिवसापासून कुठलंही प्रोजेक्ट सॉफ्टवेअर दाखवायला आलं, की माझा पहिला प्रश्न हाच असतो : एका टीमचं काम दुसऱ्या टीमपाशी कुठे अडलंय, ते यात कसं दिसतं?

आता तुमच्या प्रोजेक्टचे बांध बघू. तुमच्या पत्रावरून मला जे दिसतात ते सांगते, तुम्हाला आणखी सापडतील.

पहिला काट्याचा. वजनाचा आकडा दाखवणाऱ्या इंडिकेटरमधून वजन आरएस-२३२ च्या तारेतून अक्षरांची ओळ म्हणून येतं. ती ओळ किती अक्षरांची, बॉड रेट (माहिती येण्याचा वेग) किती, वजन किती किलोच्या टप्प्याने बदलतं, आणि काटा स्थिर झालाय हे त्या ओळीत कसं कळतं, हे पोर्टल लिहिणाऱ्याला कोणी लिहून दिलंय का? काटा हलत असताना घेतलेलं वजन हे चुकीचं वजनच. शिवाय काट्याची दरवर्षी वैधमापन विभागाकडून तपासणी होते आणि त्यावर सील लागतं. तुमच्या पीएलसीवाल्यांना इंडिकेटरला हात लावायचा असेल, तर तो सील लागण्याआधीच. ही तारीख तुमच्या कुठल्याही योजनेत नसेल, तर आज घाला.

दुसरा बांध गाडीचा. भरलेली गाडी एकदा तोलायची, गव्हाणीत ऊस उतरवल्यावर रिकामी पुन्हा तोलायची. ही दोन वजनं एकाच खेपेची आहेत हे कोण ठरवणार, काट्याजवळचा पीसी की पोर्टल? टॅग ट्रॅक्टरला लावणार की ट्रॉलीला? ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात आणि त्यांची अदलाबदल होते. मध्येच वीज गेली तर पहिलं वजन कुठे राहणार? बैलगाड्यांचं काय करणार? हे प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सचे नाहीत आणि डॉटनेटचेही नाहीत. म्हणूनच ते कोणाच्या कार्डावर आले नसतील.

तिसरा बांध फॉक्सप्रोचा. हाच सर्वांत जास्त वेळ खाईल, असं माझं मत आहे. त्या काळातली मराठी नावं श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या पद्धतीच्या फाँटमध्ये साठवलेली असतात. आजच्या युनिकोड पद्धतीत ती जशीच्या तशी आणली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाँट ओळखून रूपांतर करावं लागतं, आणि तेही एकदा बटण दाबून संपत नाही. रफार सरकतो, जोडाक्षर तुटतं, 'पाटील' नीट येतं पण 'सूर्यवंशी' मोडतं. पुन्हा एकच शेतकरी तीन वेगळ्या तऱ्हेने लिहिलेला असतो. दुरुस्त यादी बरोबर आहे असं कोण म्हणणार? तुमचे सर म्हणू शकत नाहीत, पोर्टलचा मुलगाही नाही. ते कारखान्याच्या शेती खात्यातला, गट ऑफिसचा माणूसच म्हणू शकतो. म्हणजे या कार्डावरचं एक नाव तुमच्या कंपनीबाहेरचं असणार, आणि तुम्ही निवडाल त्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरच्या माणसाला जागा हवी.

ॲपचा बांध त्यामानाने ओळखीचा आहे. फडात रेंज नसते, चिटबॉयने केलेली नोंद फोनमध्येच राहणार आणि रेंज आल्यावर वर जाणार. तेव्हा वेळ फोनची धरायची की सर्व्हरची, एवढं लिहून ठेवा.

राहिला बिलाचा बांध. ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला ऊसाचा किमान दर, द्यायची हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर होता. ते चौदा दिवस ज्या तारखेपासून मोजायचे ती तारीख तुमच्या काट्यावरून येणार. रात्री दीड वाजता आलेली गाडी कुठल्या दिवसात धरायची? कॅलेंडर बारा वाजता पान उलटतं, कारखान्याचा दिवस शिफ्टने मोजला जातो. फॉक्सप्रोत यासाठी सरांनी कधीतरी एक ओळ लिहिलेली असेल. ती पोर्टलमध्ये आली आहे का, हे त्यांना विचारा.

हे सगळं एवढ्या तपशिलात लिहिलं, कारण सॉफ्टवेअर निवडताना माणसं वैशिष्ट्यांची यादी घेऊन बसतात. दोनशे खुणा कोणाच्या आणि एकशेऐंशी कोणाच्या, याने तुमच्या कारखान्याचं काही भलं होणार नाही. असा एक बांध घेऊन बसलात की सॉफ्टवेअर दहा मिनिटांत आपली लायकी दाखवतं.

मिश्र तंत्रज्ञानात दुसरी अडचण वेगाची असते, आणि तुमची आधीची दोन सॉफ्टवेअर तिथेच मेली असावीत असा माझा अंदाज आहे. फ्लटरची मुलं सकाळी सापडलेली चूक संध्याकाळी दुरुस्त करतात. पीएलसीवाल्यांना एक सुटा भाग मागवला तर आठवडे थांबावं लागतं, आणि यंत्राला हात लावायचा तर कारखाना बंद असतानाच. गाळप सुरू झालं की कारखाना रात्रंदिवस चालतो. तोडलेला ऊस वाळतो, त्याचं वजन आणि साखर दोन्ही घटतं, त्यामुळे "दोन तास काटा बंद ठेवा" असं कोणी ऐकून घेणार नाही. फॉक्सप्रोत टेबल पॅक करायचं किंवा इंडेक्स पुन्हा बांधायचं, तर सगळ्यांना बाहेर काढावं लागतं, म्हणून सरांचं ते काम रात्रीचं. या सगळ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या एकाच स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरावीक टप्प्यात, बसवलंत की पीएलसीवाल्याचं कार्ड चार स्प्रिंट तसंच दिसतं, त्याला आपण नापास झाल्यासारखं वाटतं आणि तो एक्सेलकडे परत जातो. त्यात त्याचा दोष नाही. २००१ मध्ये अमेरिकेत युटाला १७ जणांनी ॲजाइलचा, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करायच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला, तेव्हा त्यांच्यापुढे सॉफ्टवेअर होतं. कामांची साखळी काढून त्यातला अडवणारा मार्ग शोधण्याची पद्धत १९५० च्या दशकाच्या शेवटी ड्युपाँसारख्या रसायन कंपनीत वाढली, कारण त्यांच्यापुढे बंद ठेवायचे आणि सुरू करायचे कारखाने होते. तुमच्या एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही प्रकारची कामं आहेत. म्हणून प्रत्येक टीमला तिचा वेगळा बोर्ड, वेगळे रकाने आणि वेगळी चाल ठेवू देईल, पण बांधावरची कामं सगळ्यांना एकाच जागी दाखवेल असं सॉफ्टवेअर तुम्हाला हवंय.

आता नावं.

जिरा चांगलं आहे, साहेबांचं तेवढं बरोबर. २००२ मध्ये सिडनीच्या ॲटलासियनने ते चुका नोंदवण्यासाठी काढलं आणि ते वाढत वाढत जगभर पसरलं. "याच्यामुळे ते अडलंय" असा दुवा दोन कामांत घालायची सोय त्यात आहे. पण दहा माणसांपर्यंतच ते फुकट मिळतं, तुम्ही २३ आहात. अनेक टीमची कामं एका पटावर मांडून त्यांची एकमेकांवरची भिस्त दाखवणारी योजना महागड्या प्रीमियम प्रकारात मिळते, आणि तुम्हाला नेमकी तीच लागणार. शिवाय त्यात हवे तेवढे खाने, रकाने, नियम घालता येतात. सुरुवातीच्या उत्साहात माणसं ते घालत बसतात आणि तिसऱ्या आठवड्यात एक कार्ड उघडायला बारा खाने भरावे लागतात. मोठे क्लायंट विचारतात हे साहेबांचं कारण मी कमी लेखत नाही, पण या प्रोजेक्टचा क्लायंट कारखाना आहे आणि त्याला शनिवारी कागद हवाय.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट १९८४ पासून आहे. तारखांचं गणित आणि अडवणारा मार्ग काढण्यात ते आजही पक्कं आहे. पण रोज कोड लिहिणारा माणूस ते उघडत नाही, त्यामुळे त्यातली माहिती एकट्या लीडच्या डोक्यातून भरली जाते. म्हणजे तुमची शुक्रवारची रात्र तशीच राहणार. त्याची प्रोजेक्ट ऑनलाइन ही सेवा ३० सप्टेंबर २०२६ ला बंद होते आहे, तिकडे नव्याने जाऊ नका.

रेडमाइन २००६ पासून आहे, मुक्त आणि फुकट. "आधी हे, मग ते" असा दुवा घातला की पहिल्याची तारीख सरकल्यावर पुढच्याचीही सरकते, गँट चार्ट त्यातच मिळतो. दिसायला साधं आहे, मला ते आवडतं. ओपनप्रोजेक्ट त्याच घराण्यातलं, जास्त नीटनेटकं. कारखान्याच्या संचालक मंडळाने "आमची माहिती आमच्याच सर्व्हरवर राहिली पाहिजे" असा ठराव केला असता, तर मी तुम्हाला या दोघांपैकी एक सांगितलं असतं. पण सर्व्हर तुमचा म्हणजे बॅकअप तुमचा, अपडेट तुमचे, आणि मध्यरात्री बंद पडला तर उठायचंही तुम्हीच. पाच महिन्यांत तुमच्याकडे त्यासाठी माणूस नाही. चेन्नईच्या झोहोचं प्रोजेक्ट्सही विचारात घेण्यासारखं आहे. गँट चांगला, हिशेब रुपयांत. कोडशी फारसा संबंध नसलेल्या कामाला मी ते आनंदाने सुचवते.

मग अझ्युअर डेव्हऑप्स का? तुमचा पोर्टलचा कोड तिथे आधीच आहे. एकाच प्रोजेक्टमध्ये वेगवेगळ्या टीम करता येतात आणि प्रत्येकीचा बोर्ड, रकाने वेगळे ठेवता येतात. आधीचं काम आणि नंतरचं काम असा दुवा दोन टीमच्या कार्डांत घालता येतो, आणि डिलिव्हरी प्लॅन या पानावर अनेक टीमची कामं तारखांवर मांडून ते दुवे रेघांनी दिसतात. माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं पान हेच आहे. पैशांचं म्हणाल, तर कोड बघायला लागतो अशा तुमच्या माणसांना, म्हणजे सहा डॉटनेट, चार फ्लटर आणि तुम्ही, असे ११ बेसिक परवाने लागतील. पहिले पाच फुकट, उरलेल्या सहांना महिन्याला माणशी सहा डॉलर, म्हणजे ३६ डॉलर अधिक कर. बाकीच्यांना स्टेकहोल्डर म्हणून फुकट घेता येतं. त्यांना कार्ड बघता येतं, नवं घालता येतं, बदलता येतं. गट ऑफिसचा माणूस आणि ईडीपी मॅनेजर यांना याच प्रकारात घ्या.

त्यातल्या उणिवाही सांगते. फोनवर ते ब्राउझरमधून वापरावं लागतं, हात चटकन बसत नाही. कारखान्यावरच्या तिघांना पहिला आठवडा त्रास होईल. आणि सुरुवातीलाच ते तुम्हाला कामाची पद्धत विचारतं. तिथे ॲजाइल, स्क्रम, सीएमएमआय ही नावं सोडा आणि बेसिक घ्या. त्यात मोठं काम, काम आणि छोटं काम एवढ्या तीनच पायऱ्या आहेत. सरांना "युजर स्टोरी" समजावत बसण्याची वेळ येणार नाही.

पीएलसीवाल्यांचं एक्सेल हिसकावू नका. अझ्युअरमधली कामं एक्सेलमध्ये उघडून, बदलून परत पाठवायची जोडणी मायक्रोसॉफ्ट देतं. विंडोजवर ती चालते. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या चौकटीत लिहावं, बाकीच्यांना ते बोर्डवर दिसावं.

आता बांधाच्या कार्डाबद्दल, कारण खरं काम तिथे आहे. ही सॉफ्टवेअर साधारणपणे एका कार्डावर एकच नाव घालू देतात. बांधाला दोन बाजू असतात. म्हणून एक जादा खाना करून घ्या, त्याला "समोरचा" म्हणा. प्रत्येक बांधाच्या कार्डावर करणाराही असला पाहिजे आणि समोरचाही. वर्णनात खरा नमुना चिकटवा : काट्यावरून आलेली खरी ओळ, फॉक्सप्रोतली खरी नोंद, चिटबॉयने टिपलेली खरी पावती. आणि झालं कधी म्हणायचं? खरी माहिती एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूला पोचली आणि समोरच्याने ती पाहिली, तेव्हाच. कार्ड बंद करायचा अधिकार समोरच्याला द्या, करणाऱ्याला नको. हा एक नियम पाळला गेला असता तर माझ्यापुढे त्या वीस पावत्या आल्या नसत्या.

टक्के बंद करा. साहेबांना, ईडीपीला, कोणालाही टक्के सांगू नका. किती बांध आहेत आणि त्यांतले किती ओलांडले, एवढंच सांगा. "नऊपैकी दोन" ऐकून पहिल्या शनिवारी तिकडे खळबळ होईल. होऊ द्या. जूनमध्ये झालेली खळबळ ऑक्टोबरच्या खळबळीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते, आणि कारखान्याच्या बाजूने अडलेली कामंही त्या कागदावर असल्यामुळे तुम्हाला मदत मिळेल. मोळी टाकायची, म्हणजे गाळप सुरू करायची, तारीख तुमच्या हातात नाही, मंत्री समितीत हंगामाचा निर्णय होतो आणि साखर आयुक्तांचा गाळप परवाना येतो. त्यामुळे तुमचा गँट चार्ट त्या दिवसापासून उलटा मागे मोजत या. पंधरा ओळींपेक्षा मोठा नको. कार्यकारी संचालकांना पंधरा ओळी वाचायला पुरतात, आणि बांधाची कार्डं नीट भरलेली असतील तर त्या ओळी निवडून काढायला तुम्हाला अर्धा तास पुरेल.

घेण्याआधी दहा दिवस करून बघा. सगळ्यांना नको, पाचच जण : काट्याचा एक, डॉटनेटचा एक, सर, एक टेस्टर आणि कारखान्यावरचा एक. कामही एकच, काटा ते पोर्टल. दहाव्या दिवशी प्रत्येकाला वेगळं बसवून विचारा की तू आत्ता कोणासाठी थांबला आहेस, आणि तुझ्यासाठी कोण थांबलंय. सॉफ्टवेअर न उघडता त्यांची उत्तरं जुळली, तर ते घ्या. न जुळल्यास रेडमाइनवर तोच प्रयोग करा, माझ्या शब्दाखातर अझ्युअर धरून बसू नका. साहेबांनाही प्रयोगाच्या शेवटी बोलवा, सुरुवातीला नको. जिरा की अझ्युअर या वादात तुम्ही साहेबांना हरवायला जाऊ नका. त्यांना पोर्टलवर आलेलं पहिलं वजन दाखवा. त्यानंतरही ते जिराच म्हणाले, तर जिरा घ्या. बांधाचं कार्ड तिथेही होतं.

निवडलेलं काहीही असो, दर आठवड्याला सगळी कार्डं एका फाइलमध्ये उतरवून तुमच्या जागी ठेवा. एप्रिल २०२२ मध्ये ॲटलासियनमध्ये एका देखभालीच्या स्क्रिप्टने चुकीच्या साइट पुसल्या आणि सुमारे ७७५ ग्राहकांना त्यांचं जिरा दिसेना, काहींना तर १४ दिवसांपर्यंत. माहिती परत मिळाली, पण गाळपाच्या पहिल्या पंधरवड्यात तसं झालं तर तुम्हाला ते परवडणार नाही. हे कुठल्याही क्लाउड सेवेत घडू शकतं.

आठवड्याची मोठी मीटिंग बंद करून फक्त बांधांची अर्ध्या तासाची बैठक ठेवा. त्यात ज्यांची नावं त्या आठवड्याच्या बांधाच्या कार्डांवर आहेत तेच येतील. १९६८ मध्ये मेल्विन कॉनवे यांनी लिहिलं होतं की संस्थेतली माणसं आपसात जशी बोलतात, तशाच आकाराची प्रणाली त्यांच्या हातून घडते. तुमचे काट्याचे आणि पोर्टलचे लोक एकमेकांशी तुमच्यामार्फतच बोलत असतील, तर वजनही तुमच्यापाशीच अडेल. त्यांना एका टेबलाला बसवा, तीनच दिवस, शक्य असेल तर कारखान्यावर, काट्याच्या केबिनमध्येच.

आणि सरांची वही. त्यांना टाइप करायला लावू नका. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं एक टेस्टर त्यांच्याशेजारी बसू दे, ते बोलतील तसं मराठीतच कार्डावर उतरवू दे. अमुक गावाचा कोड मध्येच का बदलला, मयत सभासदाचं बिल वारसाकडे कसं वळवायचं, अॅडव्हान्सची कपात कुठल्या क्रमाने होते, हे सगळं त्या वहीत आहे आणि दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नसण्याची शक्यता मोठी. त्यांच्या प्रोग्रामची सोर्स फाइलही बाकीच्यांच्या कोडशेजारी आणून ठेवा, आज ती बहुधा एकाच पीसीवर असेल. मग सोमवारी बांधाचं पहिलं कार्ड उघडा : "रात्री बारानंतर आलेली गाडी कुठल्या तारखेत धरायची." करणारा पोर्टलचा लीड, समोरचे सर.